वर्गासाठी घेतलेला चंद्रदिवा: बंद ठेवलात तरच उपयोगाचा

आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या चौथीच्या वर्गासाठी मी १५ सेंटीमीटर व्यासाचा थ्रीडी प्रिंट केलेला चंद्र मागवला. पांढरं प्लास्टिक, लाकडी तिवई, रिमोटवर बदलणारे १६ रंग, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतो. बनावट दणकट आहे, बाकावरून घरंगळला तरी तडा गेला नाही. गोळा तिवईवरून सहज उचलता येतो, हे मला फार आवडलं.

पण सोबतच्या माहितीपत्रकावर छापलंय, ‘चंद्राची एक बाजू कायम अंधारात असते.’ साफ चूक! पलीकडच्या बाजूलाही जवळपास दोन आठवडे दिवस आणि दोन आठवडे रात्र असते. आपल्याला ती इथून दिसत नाही, एवढंच. १९५९ साली सोव्हिएत लूना ३ यानाने त्या बाजूचे पहिले फोटो काढले, ते तिथे ऊन होतं म्हणूनच. मुलांसाठी वस्तू विकणाऱ्यांनी इतकं तरी तपासून घ्यायला हवं. ते पत्रक मी वर्गात नेलंच नाही.

दुसरी अडचण मुळातच आहे. आतून उजळलेला गोळा पाहिला की चंद्राला स्वतःचा प्रकाश असतो, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं. म्हणून मी दिवा लावतच नाही. खिडक्यांवर चादरी टाकायच्या, टेबलावर टॉर्च ठेवायचा आणि एका मुलीला गोळा हातात धरून जागच्या जागी डावीकडे वळायला सांगायचं. तोंड टॉर्चकडे असताना गोळ्याची तिच्याकडची बाजू काळी, ती अमावास्या. पाव गिरकी झाली की उजवा अर्धा भाग उजळतो, ती शुक्ल अष्टमी. टॉर्चकडे पाठ केली की पौर्णिमा. तेव्हा गोळा डोक्याच्या थोडा वर धरायला सांगा, नाहीतर तिच्याच डोक्याची सावली त्यावर पडते. आमच्याकडे ती पडली आणि ‘बाई, ग्रहण!’ असा एकच गलका झाला. त्या दिवशी ग्रहण वेगळं शिकवावं लागलं नाही.

संकष्टीला आईला उपास सोडायला इतका उशीर का होतो, हेही याच खेळात कळतं. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे पौर्णिमेनंतरच्या चतुर्थीपर्यंत चांगलीच रात्र होते.

आता एक बारकावा, जो विकणारे सांगत नाहीत. गोळ्यावरून बोट फिरवा. चंद्रावरचे काळपट डाग इथे उंचवट्यासारखे लागतात. खरे डाग म्हणजे सखल भाग, प्राचीन लाव्हा पसरून गोठलेली मैदानं. दिवा लावल्यावर डाग काळे दिसावेत म्हणून या गोळ्यात तिथलं प्लास्टिक जाड ठेवलंय. मुलांना हे आधीच सांगा, कारण बोटाला लागलेलं ती विसरत नाहीत. डागांच्या जागा मात्र बरोबर आहेत. आपल्या चंद्रावरच्या सशाचं डोकं म्हणजे शांतीचा समुद्र. १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन तिथेच उतरले. २०२३ मध्ये चंद्रयान ३ उतरलं ती जागा खाली दक्षिणेकडे, साधारण ६९ अंशांवर. तिथे आम्ही तिरंग्याची टिकली चिकटवली आहे.

सगळ्यात जास्त रमली ती मैदानात. चंद्र १५ सेंटीमीटरचा, तर पृथ्वी ५५ सेंटीमीटरची. फक्कीने तेवढं वर्तुळ काढलं आणि चंद्र कुठे ठेवायचा ते मुलांनाच विचारलं. बहुतेकांनी हातभर अंतरावर बोट दाखवलं, पाठ्यपुस्तकातल्या चित्रात असतो तसा. मोजपट्टी साडेसोळा मीटरवर नेली तेव्हा आम्ही पार कुंपणापाशी पोचलो होतो. ३,८४,४०० किलोमीटर हा आकडा मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले, पण तो चालून बघितल्यावर मुलांनी पुन्हा विचारला नाही.

घ्यावा का? शाळेसाठी जरूर घ्या, पण एकरंगी, १५ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा आणि तिवईपासून सुटा होणारा. रंगांसाठी जास्तीचे पैसे घालू नका, त्यात एक बरा टॉर्च येईल.