‘६५ भरा, ७८ परत घ्या’: गच्चीवरच्या सामायिक सोलरचा गंडा

“गच्चीवर सगळ्यांचं मिळून सोलर घालू, फ्लॅटमागे ६५,००० भरा, सरकारकडून ७८,००० परत घ्या, गणेश चवथीपर्यंत बिल शून्य” असं सांगत कुणी सरकारी वसाहतीत आला, तर त्याला जिन्यातूनच वाटेला लावा. आमच्या इमारतीतल्या १२ फ्लॅटांचे ५,२२,००० रुपये गेले. प्रत्येकी २६,००० आगाऊ, २,५०० ‘फाइल चार्ज’ आणि लोखंडी सांगाडा उभा राहिल्यावर आणखी १५,०००. गच्चीवर आज आहे तो सांगाडा आणि २२ पैकी ६ पॅनल. इन्व्हर्टरच्या जागी भिंतीला चार भोकं.

भरले त्याहून जास्त परत येणार यावर विश्वास ठेवलातच कसा, असं आता जो तो शहाणपण शिकवतो. ठेवला, कारण आकडा खोटा नव्हता. पीएम सूर्यघर या गच्चीवरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत ७८,००० आहेतच, पण ते घरगुती ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला. २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,०००. सोसायटीच्या पंप-लिफ्ट-जिन्याच्या सामायिक जोडणीला किलोवॅटमागे १८,०००, बस्स. आमची यंत्रणा १२ किलोवॅटची, म्हणजे फ्लॅटच्या वाट्याला १. दाखवलेला तक्ता सरकारीच होता, फक्त बोट भलत्या ओळीवर ठेवलं होतं. साध्या माणसानं काय नियमावली पाठ करून दार उघडायचं?

सलतो तो एक कागद: अर्जाची पोच. सामायिक सोलरची वीज फ्लॅटांना वाटायची तर व्हर्च्युअल नेट मीटरिंग लागतं. गच्चीवरची वीज एका मीटरवर मोजतात आणि ठरलेल्या टक्क्यांनी प्रत्येकाच्या बिलातून युनिटं वजा होतात. त्यासाठी प्रत्येक फ्लॅटचा सीए नंबर (वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक), त्याची टक्केवारी आणि सही हवी. पोचेवर १२ नंबर हवे होते. होता एकच, पंपाच्या मीटरचा! चांगल्या उन्हाच्या महिन्यात १२ किलोवॅटची १,४०० च्या आसपास युनिटं होतात. पंप आणि जिना मिळून खातात जेमतेम १५०. बाकीची वीज आमच्या एकाही फ्लॅटाच्या बिलात उतरणार नव्हती, आणि अनुदानही १८,००० च्या दरानं, म्हणजे सगळ्यांचं मिळून २,१६,०००. त्यावर विचारलं तेव्हा उत्तर तयारच होतं: “पात्रांव, मीटर लागला की बाकीचे नंबर आतून जोडतात.” हे वाक्य कानावर पडलं की बैठकीतून उठा. आतून काही जोडत नाहीत.

योजनेच्या पोर्टलवर अर्ज करायला पैसे पडत नाहीत. ‘फाइल चार्ज’ मागितला तिथेच माणूस ओळखा.

आता माल. पॅनलच्या पाठीवरचं लेबल कोपऱ्यात नखानं उचललं तर खाली दुसरं लेबल. वरच्यावर ५४५ वॅट, खालच्यावर ४५०. काचेच्या आत छापलेला सिरीयल नंबर वरच्या लेबलाशी जुळत नाही. तो काचेतला नंबर बदलता येत नाही, तोच तपासायचा. अनुदान फक्त देशात बनलेल्या सेल आणि पॅनलना मिळतं, आणि खोट्या लेबलाच्या मालाचं ते सिद्धच होत नाही, त्यामुळे ते २,१६,००० सुद्धा आले नसते. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे गंजू नये म्हणून वितळलेल्या जस्तात बुडवलेला, असं सांगून विकला. प्रत्यक्षात जागेवर कापून टोकांना चंदेरी रंग फासलेला, बोल्ट साधे लोखंडी. खाऱ्या वाऱ्यात एका पावसात गंज ओघळला. अर्थिंगचे खड्डे तीन लागतात: पॅनलच्या बाजूचा (डीसी), लाईनच्या बाजूचा (एसी) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या सळईचा. इथे जांभ्या दगडात एकच सळई ठोकलेली, भोवती ओलावा धरणारं अर्थिंगचं मिश्रण नाही, काही नाही. जांभा सुकला की असलं अर्थिंग असून नसल्यासारखं. आणि पावसाळी पत्र्याला भोकं पाडली ती वेगळीच, गळती वरच्या मजल्याच्या माथी.

लाईट गेली तरी घरात उजेड राहील, हेही थापच. बॅटरी नसलेला, वीज खात्याच्या लाईनला जोडलेला सोलर इन्व्हर्टर लाईनवर वीज नसली की स्वतः बंद पडतो, कारण खांबावर काम करणाऱ्या लाईनमनचा जीव जायला नको.

आणि दाद कुठे मागायची? पोलीस म्हणतात, “सामान आलंय ना? मग दिवाणी दावा लावा.” म्हणजे लुटारूनं ६ पॅनल टाकून ठेवले की तो व्यापारी! अर्ज मंजूर करणारे म्हणतात, अर्जात चूक नाही, करार तुमचा आणि त्याचा. ऑनलाइन तक्रार ‘विक्रेत्याशी संपर्क साधावा’ एवढं लिहून बंद केली. विक्रेत्याचा फोन बंद आहे म्हणूनच तर तक्रार. कहर म्हणजे गच्चीची मालकी ज्यांच्याकडे, त्यांनी उलट आम्हालाच विचारलं की बांधकामाला परवानगी कुणी दिली. ती परवानगी आणतो म्हणूनच विक्रेत्यानं ते २,५०० घेतले होते. सगळ्यांकडे शिक्का आहे, आमच्या बाजूनं मारायला कुणी तयार नाही.

पैसे भरलेत ते खातं कुणाच्या नावाचं, हे आजच बघा. योजनेच्या यादीतला विक्रेता एक आणि यूपीआय दुसऱ्याच्या नावावर असेल तर पुढचा हप्ता थांबवा. मीटर बसून तपासणी होईपर्यंत निदान ३० टक्के हातात ठेवा. अनुदान थेट अर्जदाराच्या खात्यात येतं, मध्ये कुणाचा हात लागत नाही. फसला असाल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जा. मात्र पॅनल हलवू नका. ‘बदलून देतो’ म्हणत टेम्पो घेऊन माणूस येतो. काचेतल्या नंबरांचे फोटो आणि पंचनामा झाल्याशिवाय त्याला गच्चीची चावी देऊ नका.