८० टक्के चार्ज लिमिट बरेच महिने वापरल्यावर बॅटरीचं काय झालं

लॅपटॉपची चार्ज लिमिट (म्हणजे बॅटरी ठरावीक टक्क्यांवर भरायची थांबवणारी सेटिंग) ८० वर ठेवून आता बरेच महिने झालेत, त्यामुळे लिहायला हरकत नाही. फायदा आहे, पण चार्जर कायम लावलेला असेल तरच. रोज बॅटरीवर फिरणाऱ्यांना फारसा फरक जाणवणार नाही.

माझं सगळं काम टेबलावर, प्लग दिवसभर आत. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी कमांडने बॅटरी रिपोर्ट निघतो, त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असताना किती मावायचं) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता किती मावतं) हे दोन आकडे बघायचे, बाकी सोडून द्या. माझी डिझाइन ५०,००० मिलीवॉट-अवर, आणि लिमिट लावायच्या आधीच फुल चार्ज ४५,००० च्या आसपास आलेली, सायकल काउंट मात्र पन्नासच्याही आत! म्हणजे फारशी न वापरताच झिजली. (सायकल म्हणजे कितीदा प्लग लावला ते नाही बरं का, ५० टक्के दोनदा उतरली की एक सायकल.)

होतं काय, लिथियम-आयन सेलमध्ये ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रोलाइट (सेलमधला द्रव) विघटित होऊन एक पातळ थर साचत जातो, तो थर लागतोच, त्याशिवाय सेल टिकणार नाही, पण तो जाड होत जाताना लिथियम अडकवून ठेवतो आणि तेवढं लिथियम कायमचं कामातून जातं. सेल ४.२ व्होल्टपर्यंत टम्म भरलेला आणि त्यात भर म्हणून प्रोसेसरची धग, म्हणजे हे सगळं आणखी जोरात. म्हणून ८० वर थांबवायचं, व्होल्टेज थोडं खाली राहतं.

लिमिट लावल्यापासून आकडा ४४,००० च्या जवळपास रेंगाळतोय. पण सगळं श्रेय लिमिटला द्यायला माझा हात धजत नाही, कारण तो थर मुळात सुरुवातीला भराभर वाढतो आणि नंतर त्याचा वेग आपोआप कमी होतो. थोडं त्याचं, थोडं लिमिटचं असं धरा.

वैताग पण आहे. बॅटरी कधी पूर्ण भरत नाही, कधी पूर्ण उतरत नाही, त्यामुळे टक्केवारी मोजणारी चिप भरकटते, माझा एकदा १८ टक्के दाखवत असताना धाडकन बंद पडला. मग एकदा १०० पर्यंत भरून, पूर्ण उतरवून परत भरला, तेव्हा टक्केवारी ताळ्यावर आली. हे फक्त मोजमापासाठी हां, बॅटरीची तब्येत यानं सुधारत नाही, उलट सारखं शून्यावर नेलं तर जास्तच झिजते. पूर्ण उतरवून मगच चार्ज करा हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला आहे, अजून लोक देतात म्हणजे कमाल आहे.

गेमिंग वगैरे करत असाल तर लिमिटपेक्षा आधी खालच्या जाळ्या मोकळ्या ठेवा, गादीवर ठेवून खेळू नका. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगलीय, तिथे लिमिट काही करू शकत नाही, वापर बंद करून ती बदलून घ्या.

५ पैकी ४ स्टार. एक कापला कारण बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटनंतर लिमिट गुपचूप १०० वर गेलं होतं आणि मला कळलं ते बऱ्याच दिवसांनी.