इंडियन कानून: वापरा बिनधास्त, पण त्यावर आकडे मोजू नका

कायदा आणि पब्लिक पॉलिसीवर रिसर्च करणारे पण एलएलबी न केलेले जे लोक आहेत ना, म्हणजे माझ्यासारखे इकॉनॉमिक्स, सोशिऑलॉजीवाले, त्यांच्यासाठी लिहितोय. इंडियन कानून ही सुशांत सिन्हांनी २००८ मध्ये सुरू केलेली निकाल शोधायची साइट, वाचायला पैसे लागत नाहीत, सुप्रीम कोर्ट, हायकोर्ट, ट्रिब्युनल, कायदे, अगदी संविधान सभेतल्या चर्चासुद्धा एकाच सर्चमध्ये निघतात.

निकाल मुळातून वाचा हो! ओल्गा टेलिस खटल्याचंच घ्या, मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा १९८५ चा निकाल. पेपरांमध्ये बहुतेक एकच ओळ येते की उपजीविकेचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, आला, झालं. पण मूळ निकाल उघडला की सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड मुंबईतली फुटपाथवर राहणारी माणसं कामाच्या जवळच का राहतात, लांबून यायचं तर वेळ आणि पैसा कसा जातो हे मांडताना दिसतात, हे तर सरळ शहरी अर्थशास्त्र आहे. आणि त्याच निकालात महापालिका कायद्याचं कलम ३१४ वैध ठरलं, फुटपाथवरून हटवायला परवानगी मिळाली, पण पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर उलटेपर्यंत थांबा असं सांगितलं. हा भाग एका ओळीत बसत नाही म्हणून गळतो आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण पॉलिसी तिथेच ठरली.

साइटचं सगळ्यात भारी फीचर म्हणजे 'सायटेड बाय'. क्लिक केलं की नंतर कुठल्या निकालांनी याचा आधार घेतला ते दिसतं, मग कोणी हक्काचा भाग उचलला आणि कोणी हटवण्याचा, हे बसून वाचायचं. वेळ खूप जातो पण थीसिसचा खरा माल इथेच आहे.

आता जपायचं कुठे, तर कीवर्ड टाकून आलेले रिझल्ट मोजायचे आणि त्याचा ग्राफ करून 'अशा केसेस वाढल्या' म्हणायचं, हे प्लीज करू नका. खालच्या कोर्टातले बहुतेक निकाल इथे नाहीतच, आणि वरपर्यंत पोचतात ते ज्यांना वकील आणि वर्षं दोन्ही परवडतात तेच, मग हा सॅम्पल कसला? प्रलंबित खटल्यांचे आकडे हवेत तर नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड ही कोर्टांची आकडेवारी देणारी अधिकृत साइट बघा.

कोट करायच्या आधी मजकूर सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआरवर, म्हणजे त्यांच्या निकालांच्या अधिकृत ऑनलाइन संग्रहावर, ताडून घ्या, तेही फुकट आहे आणि काही निकालांचं मराठी भाषांतरही मिळतं.