"शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे" असं ऐकलंत तर थांबा

निळू, बजी जातीचा छोटा पोपट, माझ्याकडे अकरा दिवस होता. त्यातले नऊ दिवस मी त्याला विकणाऱ्याच्या शब्दावर घालवले. पैशांचं जाऊ दे, ते नऊ दिवस मनातून जात नाहीत.

घरात चिमी होतीच, चार वर्षांची हिरवी बजी. पुष्कळ जण बजीला लव्हबर्ड म्हणतात, पण तो पक्षी वेगळा. तिला सोबत हवी म्हणून मी शोधात होते. विक्रेता अगदी गोड बोलायचा. "तीन महिन्यांचं पिल्लू आहे ताई, चार दिवसांत हातावर येईल." उजेड कमी होता आणि एका पिंजऱ्यात वीसेक पक्षी होते. त्याने जाळीवर टिचकी मारली तसे सगळे ताठ झाले, निळूसुद्धा. ती टिचकी कशासाठी होती ते मला फार उशिरा कळलं. आपण आजारी आहोत हे शिकाऱ्याला दिसू नये म्हणून पक्षी अनोळखी माणसासमोर अंग सावरून बसतो आणि काही मिनिटं अगदी ठणठणीत दिसतो. पक्षी घ्यायचा असेल तर लांब बसा, गप्प बसा, निदान पंधरा-वीस मिनिटं. मी जेमतेम दोन मिनिटं उभी होते.

वयही खोटं होतं. बजीच्या पिल्लाच्या कपाळावर थेट चोचीपर्यंत बारीक आडव्या रेघा असतात आणि डोळे पूर्ण काळे असतात. तीन-चार महिन्यांनी पिसं बदलली की कपाळ कोरं होतं, पुढे बुबुळाभोवती फिकट कडं येतं. काही रंगांच्या बजींत ही खूण लागू पडत नाही, पण साध्या निळ्या-हिरव्यांत पडते. निळूचं कपाळ कोरं होतं आणि डोळ्यांत कडंही होतं. नाकपुड्यांवरची पिसं ओली, चिकटलेली होती. "आताच आंघोळ केलीय," तो म्हणाला. आंघोळ केलेल्या पक्ष्याची छाती आणि पंख भिजतात. निळूच्या फक्त नाकपुड्यांवर ओल होती, आणि ते मी डोळ्यांनी पाहूनही सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी तो दांडीवर शांत बसला असताना प्रत्येक श्वासाबरोबर त्याची शेपटी वर-खाली होत होती. मी विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "खूश आहे ताई, शेपटी हलवतोय." मला किती बरं वाटलं ते ऐकून! आनंदात बजी शेपटी डावी-उजवीकडे झटकतो आणि लगेच थांबतो. श्वासाच्या तालावर वर-खाली होणारी शेपटी म्हणजे पक्ष्याला दम घ्यायला जोर लावावा लागतोय. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू) नसतं. छातीचं हाड पुढे-मागे होतं तेव्हाच फुप्फुसांतून आणि हवेच्या पिशव्यांतून हवा खेळते. ते कठीण झालं की पोटाचे स्नायू ओढले जातात आणि शेपटी हलते. उडून आल्यावर मिनिटभर असं होणं ठीक, बसल्या जागी कधीच नाही. शांत बसलेला बजी मिनिटाला साधारण ६० ते ७५ श्वास घेतो. आपल्या पक्ष्याचे श्वास तो निरोगी असतानाच मोजून लिहून ठेवा.

चौथ्या दिवशी तो पिसं फुगवून बसला, आवाज बसला, श्वासाला टिक-टिक येऊ लागली. मग त्याच विक्रेत्याने मला थेंब विकले. बाटलीवर नाव नाही, तारीख नाही, काही नाही. "श्वासाचं औषध. पाण्यात दहा थेंब, पाच दिवस." बजी दिवसाला पाणी पितो ते काही घोट, आजारी असताना त्याहून कमी, आणि पाणी कडू लागलं तर तेही नाही. म्हणजे पोटात औषध किती गेलं याचा पत्ताच नाही. विष्ठा गडद हिरवी झाली तेव्हा तो म्हणाला, "गुण येतोय, घाण बाहेर पडतेय." नवव्या रात्री निळू पिंजऱ्याच्या तळाशी चोच उघडी टाकून बसला होता.

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी त्याला हात लावण्याआधी ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं. दम लागलेला पक्षी नुसता मुठीत धरला आणि छाती दाबली गेली, तर हातातच जाऊ शकतो. मग त्यांनी विचारलं, बाटलीत काय होतं? मला सांगता येईना. त्यात प्रतिजैविक असेल तर तपासणीत जंतू असूनही न सापडण्याची शक्यता असते, असं ते म्हणाले. तरी सापडला. क्लॅमिडिया सिटासी. निळू दोन दिवसांनी गेला.

हा जंतू वाळलेल्या विष्ठेच्या आणि नाकातल्या स्रावाच्या धुळीतून पसरतो, माणसालाही होतो: ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, कधी न्यूमोनिया. घरात पक्षी आहे हे आपल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आम्ही घरचे संसर्गापासून वाचलो, चिमीला मात्र तो झालाच. नवा पक्षी निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायचा असतो, मी पहिल्याच दिवशी पिंजरे शेजारी ठेवले होते. ती खेळत होती, खात होती, तरी तपासणीत जंतू निघाला. तिला कित्येक आठवडे खंड न पाडता डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं. तोवर पिंजऱ्यातून कटलबोन (पक्ष्याला कुरतडायला ठेवतात तो कॅल्शियमचा तुकडा) काढून ठेवलं, कारण कॅल्शियममुळे ते औषध शरीरात नीट शोषलं जात नाही. पिंजरा झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा.

त्या थेंबांचा मला राग येतो तो यासाठी. बजीला धाप लागण्याचं कारण जंतू असेल, बुरशी असेल, श्वासनलिकेतले माइट्स (अगदी बारीक किडे) असतील, नुसत्या दाण्यांवर ठेवल्याने आयोडीन कमी पडून सुजलेली थायरॉइड असेल, पोटातली गाठ असेल, तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ असेल. या सगळ्यांवर एकच औषध असूच शकत नाही. जो न तपासता देतो, तो फसवतोय.

चोच उघडी किंवा श्वासाबरोबर शेपटी वर-खाली हलतेय असं दिसलं तर आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन करा. पक्षी लहान खोक्यात ठेवा, हवा खेळती ठेवून तीन बाजू झाका. एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, साधारण ३० अंश पुरे. पंख अंगापासून लांब धरले तर उकडतंय, बाटली काढा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. कापूर-निलगिरीची वाफ तर अजिबात नको.

तपासणीचा निकाल मी विक्रेत्याला कळवला. "वारा लागला असेल," तो म्हणाला, "दुसरा देतो, अर्ध्या किमतीत, त्याच पिंजऱ्यातला." त्या पिंजऱ्यातल्या बाकीच्या पक्ष्यांना औषध सुरू केलं का, असं मी विचारलं. त्याने फोन ठेवला.