हर्बी मॅन: ‘मेम्फिस अंडरग्राउंड’ घ्यावा की ‘पुश पुश’?

सोल जॅझमधली, म्हणजे अमेरिकन सोल गाण्यांच्या ढंगातल्या जॅझमधली, फ्लूट ऐकायला घेतली, की बहुतेकांची निवड अमेरिकन फ्लूटवादक हर्बी मॅनच्या या दोन अल्बमांपाशी अडते. पहिला 1969चा, अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीचा. दुसरा 1971चा, एम्ब्रियो या लेबलचा. दोन्हींत गाजलेली सोल गाणी लांबवून वाजवली आहेत, त्यामुळे गाण्यांच्या यादीवरून निवड करू नये.

खरा प्रश्न फ्लूटमागे किती जागा उरते हा आहे. खालच्या सप्तकात फ्लूट दबकी वाजते. इलेक्ट्रिक गिटार आणि ऑर्गनपुढे ती बुडतेच. मग वादक वर चढतो, आणि सतत वरच वाजणारी फ्लूट थोड्या वेळाने कानाला टोचू लागते. ‘मेम्फिस अंडरग्राउंड’मध्ये मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओची नेहमीची मंडळी आहेत: रेजी यंग (गिटार), बॉबी एमन्स (ऑर्गन), जीन क्रिसमन (ड्रम). गायकांना साथ करण्यात मुरलेली माणसं. गिटारचे आघात तुटक ठेवायचे, ड्रम साधा ठेवायचा आणि गाणाऱ्याच्या ओळीत घुसायचं नाही, ही शिस्त ते फ्लूटलाही लावतात. म्हणून मॅनला खालच्या सुरांवर रेंगाळता येतं. बासरीतली मींड शोधणाऱ्या कानाला इथे मींड कमी मिळेल. गंमत आहे ती छोटे तुकडे तालावर पुन्हा पुन्हा बसवण्यात.

‘पुश पुश’ची बाजूही भक्कम आहे. बर्नार्ड पर्डीचे ड्रम, रिचर्ड टीचे कीबोर्ड आणि ड्वेन ऑलमनची गिटार. ऑलमन 1971च्याच ऑक्टोबरमध्ये वारला. गिटारच्या ओढीने येणाऱ्याने हाच घ्यावा, त्याबद्दल दुमत नाही. अडतं ते रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूवर. तिथे ‘इफ’ हे संथ प्रेमगीत येतं आणि जमलेला ताल सैल पडतो. फ्लूट नुसती चाल म्हणत राहते, आणि गाणं संपेपर्यंत पाय थांबलेला असतो. दर वेळी सुई उचलून पुढे ठेवावी लागते. कुणाला तो विसावाही वाटेल. मला मात्र तेवढ्याने अल्बम तुटल्यासारखा वाटतो.

‘मेम्फिस’मध्येही खडा आहे: ‘होल्ड ऑन, आय एम कमिन’मधली सॉनी शॅरॉकची गिटार. सूर सोडून ती अक्षरशः किंचाळते. पण खालचा ताल जागचा हलत नाही, म्हणून हा धक्का पचतो, आणि तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात हवासाही वाटतो.

रेकॉर्डची जुनी प्रत घेणार असाल तर नेमकं हेच गाणं वाजवून पाहा. ते पहिल्या बाजूच्या शेवटी, मध्याजवळच्या आतल्या खाचांत आहे, आणि झीज आधी तिथेच ऐकू येते. शॅरॉकच्या खरखरीवरून मात्र प्रत नाकारू नका, ती मूळचीच आहे. फ्लूटच्या वरच्या सुरांकडे लक्ष द्या: तिथे फुंकरीऐवजी ‘स्स’ असा फाटका आवाज आला, तर दुसरी प्रत शोधा.