मुंबईत रात्रीच्या जेवणाला सॅलड बार: कुठे जावं, काय तपासावं, ताटात काय घ्यावं

सॅलड बार, म्हणजे आपलं सॅलड आपणच वाढून घ्यायचं काउंटर, संध्याकाळी सात-साडेसातला मांडतात. त्या वेळी तो सगळीकडेच छान दिसतो. खरी परीक्षा साडेनऊला, मुंबईकर जेवायला बसतात तेव्हा. तोवर ट्रेखालचा बर्फ निम्मा विरघळलेला असतो, लेट्यूसच्या कापलेल्या कडा तांबूस पडलेल्या असतात आणि थाउजंड आयलंड या मेयोनीजच्या ड्रेसिंगवर साय धरलेली असते. साडेनऊलाही सातसारखे दिसणारे बार मुंबईत आहेत, पण मोजके आणि बहुतेक महागडे.

पंचतारांकित हॉटेलांच्या कॉफी शॉपमधले रात्रीचे बुफे यात सगळ्यात पुढे. जुहूच्या जे. डब्ल्यू. मॅरियटमधलं लोटस कॅफे, सांताक्रूझ पूर्वच्या ग्रँड हयातमधलं फिफ्टी फाइव्ह ईस्ट, बीकेसीतल्या सोफिटेलमधलं पाँडिचेरी कॅफे ही या प्रकारातली ओळखीची नावं. अशा हॉटेलांत थंड पदार्थांचं स्वयंपाकघर वेगळं असतं आणि काउंटरवर लक्ष ठेवायला माणूस असतो, त्यामुळे भांडी उथळ ठेवून वरचेवर भरणं त्यांना जमतं. पण फक्त सॅलड खायचं असेल तर हा सौदा महागात पडतो, कारण पैसे अख्ख्या बुफेचे द्यावे लागतात. टेबल बुक करतानाच ‘फक्त सूप आणि सॅलडचा वेगळा दर आहे का’ असं विचारा. असा दर मेन्यूवर छापलेला नसला तरी विचारल्यावर मिळू शकतो.

बार्बेक्यू नेशनसारख्या ठिकाणी सॅलडचं काउंटर असतं, पण ते तोंडी लावण्यापुरतं. टेबलावरच्या शेगडीचे कबाब येऊ लागले की कुणी उठत नाही. गर्दी असल्यामुळे माल पडून राहत नाही, ही जमेची बाजू. मात्र अशा काउंटरवर मेयोनीजमधले तयार प्रकार जास्त आणि साधी पानं कमी असतात. सॅलडसाठी म्हणून तिथे जाऊ नये.

सॅलड हेच जेवण करणाऱ्यांनी सरळ काचेमागून वाढणाऱ्या काउंटरकडे जावं. पानं, कडधान्य, चिकन किंवा पनीर, वरचं ड्रेसिंग असं एकेक सांगून आपल्यासमोर बनवून घ्यायचं. अनेक ग्राहकांचे हात लागलेले चिमटे नाहीत, उघड्यावर ठेवलेलं काही नाही, आणि पैसे एका बाउलचे. सगळ्यात स्वस्त आणि रात्री उशिरापर्यंत मिळणारा पर्याय म्हणजे सबवे: तिथलं कुठलंही सँडविच पावाशिवाय सॅलड म्हणून मागता येतं. पानांत फारसं वैविध्य नाही, पण रात्री दहाला दमलेल्या बारपेक्षा हे नक्की बरं. साध्या उडुपी किंवा पंजाबी हॉटेलातल्या ‘ग्रीन सॅलड’वर विसंबू नका. काकडी, टोमॅटो, कांदा, गाजराच्या चकत्या आणि लिंबाची फोड येते. त्यावर जेवण भागत नाही.

आता बार तपासायचा कसा. ताट हातात घेण्याआधी एक फेरी मारा आणि पहिल्यांदा भांड्यांकडे बघा. थंड पदार्थ पाच अंश सेल्सियस किंवा त्याखाली राहायला हवा. भांड्याचा तळ बर्फाला टेकलेला असेल आणि पदार्थ काठाच्या खाली असेल तरच ते जमतं. शोभेसाठी डोंगर रचलेला असेल तर तळाचा थर गार राहतो आणि वरचा खोलीच्या तापमानावर येतो, आणि आपण वाढून घेतो तो नेमका वरचाच. कापलेलं कलिंगड, खरबूज, टोमॅटो, उकडलेली अंडी, चिकन, पनीर यांच्या बाबतीत हे कटाक्षाने पाहा. दुसरी खूण म्हणजे भांडं भरण्याची पद्धत. रिकामं भांडं उचलून नवं ठेवलं तर ठीक. जुन्यावरच नवा माल ओतत असतील तर तळाशी सात वाजताचं सॅलड दहा वाजेपर्यंत तसंच पडून राहतं.

मग पानं. चिमट्याने चार पानं उचलून ताटात ठेवा आणि ताट जरा तिरकं करा. पाणी ओघळलं तर पानं धुतल्यावर नीट निथळलेली नाहीत. ओल्या पानाला तेल चिकटत नाही, सगळं ड्रेसिंग तळाशी साचतं, वरचं पान अळणी लागतं आणि माणूस आणखी दोन चमचे ओततो. लेट्यूस हे थंडीचं पीक आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत रोमेन आणि लोलो रोसो या लेट्यूसच्या जाती करकरीत मिळतात. पावसाळ्यात पानं लवकर सडतात आणि बारवर आइसबर्ग लेट्यूसच जास्त दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये पानांचा हट्ट सोडून काकडी, भाजलेला भोपळा, उकडलेले छोले, मका यांच्यावर भर द्यावा.

कच्च्या मोडांपासून मात्र बाराही महिने लांब राहा. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते आणि नुसतं धुतल्याने ते जात नाहीत. वाफवलेले आहेत का, हे विचारा. मूग-मटकी वाफवलेली असेल तर बिनधास्त घ्या. अंड्याच्या पिवळ्याभोवती हिरवट-करडं कडं दिसलं तर अंडं जास्त उकळलंय एवढाच त्याचा अर्थ. खायला हरकत नाही, पण चव कोरडी लागते.

ताट भरताना काउंटरच्या सुरुवातीला थांबू नका. रशियन सॅलड, मॅकरोनी, कोलस्लॉ बहुधा तिथेच मांडलेले असतात, आणि ताट त्यांनीच भरतं. आधी दोन मुठी पानं, त्यावर वाटीभर छोले किंवा राजमा, नाहीतर शंभर ग्रॅमच्या आसपास चिकन किंवा पनीर, मग दोन-तीन रंगांच्या भाज्या, आणि शेवटी अक्रोड किंवा भाजलेल्या बिया. बीट बाजूला ठेवा, नाहीतर पाच मिनिटांत सगळं गुलाबी होतं. पावाचे कुरकुरीत तुकडे टेबलावर पोहोचल्यावरच घाला. रात्रीच्या जेवणात कडधान्य किंवा मांस-अंडं कमी पडलं तर अकराला पुन्हा भूक लागते आणि सॅलडने पोट भरत नाही असा बोल त्यालाच बसतो.

ड्रेसिंग वेगळ्या वाटीत घ्या, दोन मोठे चमचे पुरे. तेल आणि व्हिनेगरचं ड्रेसिंग भांड्यात फुटून दोन थर होतात. न ढवळता वरवर डाव घातला तर नुसतं तेल येतं, आणि एका मोठ्या चमचाभर तेलात साधारण १२० कॅलरी असतात. तळापासून ढवळूनच घ्या. शाकाहारी मंडळींनी सीझर ड्रेसिंगबद्दल आवर्जून विचारावं: मूळ कृतीत अंडं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी अँचोव्ही हे मासेही घालतात. आपल्याकडे अंड्याविना केलेलं सर्रास मिळतं, पण पंचतारांकित बुफेत ते गृहीत धरू नये. पार्मेजान चीज पारंपरिक पद्धतीचं असेल तर त्यात वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं. जैन जेवणाऱ्यांना बारवर कांद्याचा चिमटा काकडीत गेलेला हमखास दिसेल. चांगलं हॉटेल मागितल्यावर आतून वेगळं ताट बनवून देतं, म्हणून तसं आधीच सांगावं.

बिलाचंही बघा. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के लागतो; ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांच्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. म्हणजे दोन हजारांच्या बुफेवर ३६० रुपये नुसता कर. ‘प्लस टॅक्सेस’ लिहिलं असेल तर हा आकडा धरूनच तुलना करा. सेवा शुल्क सक्तीने लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. नको असेल तर काढायला सांगा.

बुफेत जायचंच असेल तर टेबल सात-साडेसातचं घ्या. नऊनंतर निघणार असाल तर काचेमागचं काउंटर गाठा, नाहीतर कॉफी शॉपच्या मेन्यूतलं एखादं सॅलड ऑर्डर करा. ते आतून ताजं बनून येतं आणि बुफेपेक्षा बरंच स्वस्त पडतं.