दिवसा राखाडी, रात्री जांभळट: घरातल्या रंगांचा ९ महिन्यांनंतरचा अनुभव

हॉल, दोन बेडरूम, पॅसेज आणि छत. सगळीकडे टिंटिंग मशीनवर (दुकानात पांढऱ्या बेसमध्ये रंगद्रव्यं मोजून मिसळणारं यंत्र) काढलेलं ॲक्रिलिक इमल्शन, खाली पुट्टी आणि प्रायमर, वर बहुतेक ठिकाणी दोन हात. वास, पोपडे न धरणं याबद्दल काहीच तक्रार नाही, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. मुख्य तक्रार आहे ती एकाच गोष्टीची, हॉलच्या फिकट राखाडी शेडची. दिवसा ती शांत, कोरडी राखाडी दिसते. संध्याकाळी दिवे लागले की दाराच्या बाजूची भिंत सरळ जांभळट होते. पहिल्या महिन्यात या शेडला ५ पैकी २ गुण दिले होते. आज ४ देईन, आणि हा बदल रंगामुळे झालेला नाही.

पहिला संशय अर्थातच टिंटिंगवर जातो. डब्याच्या झाकणावरची पट्टी वाचली तर तिथे कोणते कलरंट, म्हणजे रंगद्रव्यं, किती पडले ते छापलेलं असतं. या शेडमध्ये पांढऱ्या बेसमध्ये काळा आणि किंचित लाल ऑक्साइड आहे, पिवळा अजिबात नाही. इथेच बरंच काही कळतं. पांढऱ्यात नुसता काळा मिसळला की राखाडी निळसरच येते, त्यात लाल पडला की तिचा कल जांभळ्याकडे जातो. पिवळा ऑक्साइड थोडा असेल तर हा निळसरपणा मारला जातो आणि राखाडी मातकट, उबदार वाटते. शेडकार्डावर दोन्ही नमुने नुसते 'फिकट राखाडी' दिसतात. त्यामुळे शेड पक्की करण्याआधी दुकानात फॉर्म्युला विचारायलाच हवा. तो सांगायची टाळाटाळ झाली तर शेडकार्डावरच्या त्याच रांगेतली सर्वांत गडद शेड पाहा. फिकट शेडमध्ये लपलेला कल तिथे उघडा पडतो.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने वाळलेला नमुना कार्डाशी जुळवून दाखवला. तो तंतोतंत जुळला. म्हणजे मशीन चुकलेलं नव्हतं. 'परत टिंट करून देतो, पण कलरंटचे पैसे वेगळे' हा प्रस्ताव त्या वेळी फार खटकला होता. आता वाटतं, तो नाकारला हेच बरं झालं.

कारण खरा दोषी सापडला तो भोकं पाडलेल्या कागदामुळे. साधा पांढरा जाड कागद घ्यायचा, त्यात इंचभराची दोन भोकं पाडायची. एक दाराजवळच्या भिंतीवर, दुसरं दारापासून लांबच्या भिंतीवर येईल असा कागद डोळ्यासमोर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि फक्त भोकांतून पाहायचं. दोन्हीकडे तीच राखाडी दिसते, जांभळट छटा अगदी पुसट. कागद बाजूला केला की दाराजवळची भिंत पुन्हा जांभळी. दाराची चौकट पिवळसर लाकडी आहे. पिवळ्याच्या शेजारी तटस्थ रंग ठेवला की डोळा त्याला पिवळ्याच्या विरुद्ध, म्हणजे जांभळ्याकडे ढकलतो. पॅरिसच्या गोबलँ या चित्रगालिचे विणणाऱ्या कारखान्यात विणकरांची तक्रार होती की काळी लोकर पुरेशी काळी रंगत नाही. रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी तपासलं तर रंग ठीक होता, शेजारचे धागे त्याला फिका करत होते. १८३९ मध्ये त्यांनी हा नियम सविस्तर मांडला. घरातल्या भिंतीलाही तो जसाच्या तसा लागू होतो. चौकटीवर पांढरी चादर टाकली की निम्मा जांभळटपणा लगेच जातो, हे कुणीही करून पाहू शकतो.

उरलेला निम्मा दिव्यांचा. हॉलमध्ये ६५०० केल्व्हिनचे एलईडी होते (हा आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर, जितका लहान तितका पिवळसर). या प्रकाशात निळा अंश जास्त, त्यामुळे निळसर कलाची राखाडी आणखी थंड होते. ३००० केल्व्हिन लावून पाहिले तर जांभळट छटा गेली, पण भिंत मळकट पिवळी दिसू लागली. ४००० केल्व्हिन आणि सीआरआय ९० च्या वरचे दिवे लावल्यावर मात्र भिंत दिवसासारखी राहते. सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे १०० पैकी गुण, आणि हा आकडा बहुतेकदा खोक्यावर असतो. तिथे नुसतं ८० असेल तर रंग निवडण्यासाठी त्या दिव्यावर विसंबू नका. एकाच खोलीत दोन वेगळ्या केल्व्हिनचे दिवे तर लावूच नका. डोळा एकाला सरावतो आणि दुसऱ्या दिव्याखालची भिंत वेगळ्या डब्यातली वाटते.

म्हणून माझा क्रम आता ठाम आहे: आधी दिवा, मग चौकट, फरशी आणि पडदे, आणि सगळ्यांत शेवटी शेड. लोक उलट करतात, आणि मग रंगावर खापर फोडतात.

नमुना भिंतीवरच चार ठिकाणी फासू नये. आजूबाजूचा जुना रंग नव्या शेडचा अंदाज बिघडवतो. दोन फूट बाय दोन फुटांचा हार्डबोर्ड घ्या, त्यावर प्रायमर, मग दोन हात, आणि चारही बाजूंना दोन इंच पांढरी कड सोडा. ओला रंग बघून मत बनवू नका. इमल्शन ओलं असताना दुधाळ, फिकट दिसतं, वाळल्यावर गडद होतं, म्हणून २४ तास थांबा. मग बोर्ड उभा धरून खिडकीजवळ, कोपऱ्यात आणि चौकटीला लागून ठेवा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात, असं तीनदा पाहा. टेबलावर आडवा ठेवून पाहिलेला नमुना भिंतीवर कधीच तसा दिसत नाही, कारण उभ्या पृष्ठभागावर प्रकाश वेगळ्या कोनातून पडतो. खिडकीबाहेर दाट झाडी असेल तर आत येणारा प्रकाशच हिरवट असतो, तेही याच बोर्डावर कळतं.

लहान बेडरूमचा पिवळा चांगला निघाला, पण कार्डावर जो आवडला होता त्यापेक्षा दोन पायऱ्या फिकट घेतला म्हणूनच. चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतात, कोपऱ्यात तर पिवळा दुप्पट झाल्यासारखा वाटतो. शुद्ध चमकदार पिवळ्याची झाकण्याची ताकद मुळात कमी. दोन हातांनंतरही रोलरचे पट्टे दिसत होते, तिसरा हात मारावा लागला. हिशेब करताना हे धरा: १० बाय १२ फुटांची, ९ फूट उंच खोली म्हणजे भिंती ३९६ चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता साधारण ३६०. लिटरला एका हाताचे १०० चौरस फूट धरले तर दोन हातांना सव्वासात लिटर, तीन हातांना जवळपास ११. सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच रंग सुरू करा. दोन डब्यांतला बारीक फरक भिंतीच्या मधोमध उमटला की तो झाकता येत नाही.

मोठ्या बेडरूममधली गडद निळी मॅट (बिनचमकीची) भिंत दिसायला सर्वांत देखणी, वापरायला सर्वांत त्रासाची. पिशवी किंवा खुर्चीची पाठ घासली की पांढुरकी रेघ उठते, ओल्या फडक्याने पुसली की तेवढाच भाग चकचकीत होतो. गडद रंग बेडच्या मागे ठीक, येण्याजाण्याच्या वाटेवर नाही. सॅटिन, म्हणजे हलकी चमक असलेलं, घेतलं असतं तर रेघा पुसता आल्या असत्या, पण सॅटिन पुट्टीतला प्रत्येक चढउतार दाखवतं. रंगाआधी टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाकला तर त्या लाटा दिसतात, आणि तेव्हाच घासकागदाने काढता येतात. एलआरव्ही, म्हणजे शेड किती टक्के प्रकाश परत फेकते तो आकडा, २० च्या खाली असेल तर ती शेड बराचसा प्रकाश गिळते. दिवे वाढवायची तयारी नसेल तर अशी शेड एकाच भिंतीपुरती ठेवा.

छताच्या पांढऱ्याबद्दल एवढंच की भिंतीची राखाडी निळसर असेल तर छताला क्रीमकडे झुकणारा पांढरा नको. तो जुना, पिवळा पडलेला वाटतो.

पॅसेजमध्ये खिळ्याचं भोक पुट्टीने बुजवून त्याच डब्यातल्या रंगाने टचअप केला, तरी नाण्याएवढा डाग दिसतोच. पुट्टीवर प्रायमर न लावल्याने तिथे रंग जास्त शोषला गेला. शिवाय मूळ भिंत रोलरची आणि टचअप ब्रशचा, त्यामुळे पोत वेगळा. प्रायमर लावून, छोट्या रोलरने, कडेला दाब कमी करत नेला तर मॅटवर डाग बराच लपतो. सॅटिनवर मात्र एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत मारण्याला पर्याय नाही.

उरलेला रंग मोठ्या डब्यात तळाशी ठेवू नका, साय धरते. गळ्यापर्यंत भरेल अशा छोट्या बरणीत ओता आणि झाकणावरची फॉर्म्युल्याची पट्टी सोलून बरणीला चिकटवा. खोली, तारीख आणि बेस हेही त्यावरच लिहा.